कंपनीची थैली आणि घरची थैली

आमच्या पांढरपेशा वर्गांत मुलगा नोकरीस लागला म्हणजे पेढे वांटण्याची चाल आहे. पण तोच मुलगा पुढें नोकरी सोडून स्वतःचा धंदा करतों म्हणाला, तर घरांत दोन दिवस कोणी धड जेवत नाहीं. तथापि काळ पालटला आहे. अहिल्यानगर शहरालगतच्या औद्योगिक वसाहतींत, तसेंच पुण्याच्या वाटेवर पारनेर तालुक्यांतील सुपें येथें उभ्या राहिलेल्या वसाहतींत, मोठे कारखाने आपलीं पुष्कळशीं कामें मक्त्यानें बाहेर देतात. यंत्रांची देखभाल, लोखंडी सांगाड्यांची जोडणी, विजेचीं कामें, नकाशे काढणें, अशा कामांचे मक्ते घेणारे तरुण आतां आपल्याच आळींत दिसूं लागले आहेत. प्रथम ते स्वतःच्या नांवावर मक्ता घेतात. दोनतीन वर्षें बरीं गेलीं, कीं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढण्याचें त्यांच्या मनांत येतें.

ह्या जिल्ह्याला कंपनी ही वस्तु अपरिचित नाहीं. श्रीरामपुराजवळच्या टिळकनगरचा कारखाना ज्या महाराष्ट्र शुगर मिल्स लिमिटेडचा, ती कंपनी महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनीं १९३३ सालीं काढली. परंतु ती मोठ्या भांडवलाची गोष्ट झाली. मध्यम स्थितींतल्या गृहस्थानें वडिलांच्या फंडाच्या पैशांवर आणि पत्नीच्या सहीवर कंपनी काढली म्हणजे जे प्रश्न उभे राहतात, त्यांचा विचार घरांत बसून सहसा कोणी करीत नाहीं. त्यांतला पहिला प्रश्न खर्चाचा. कंपनी निघेपर्यंत आणि ती चालूं लागेपर्यंत जो पैसा जातो, तो कंपनीच्या खर्चांत धरून त्यावरील प्राप्तिकर वांचवितां येतो कीं नाहीं? कोणी म्हणतो, सगळाच धरतां येतो. कोणी म्हणतो, कांहींच येत नाहीं. दोघेहि चुकतात.

सावेडी भागांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत येथें सांगतों. वडील मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा यंत्रशास्त्राचा पदवीधर, अकरा वर्षें एका कारखान्यांत नोकरी केलेला. नोकरी सोडून त्यानें जोडकामाचे मक्ते घेतले. कंपनी काढण्याचें ठरलें तेव्हां वडिलांनीं आपल्या फंडाच्या ठेवींतून ६ लक्ष २० हजार रुपये मुलास दिले. त्या पैशांतून वेल्डिंगचीं व कटिंगचीं यंत्रें आलीं. कंपनी अद्याप नोंदली गेली नव्हती, म्हणून बिल मुलानें स्वतःच्या नांवावर घेतलें. कागदपत्रें, नोंदणी व सल्लागारांची फी मिळून ४० हजार रुपये लागले. तेहि त्यानें स्वतःच्या खात्यांतून भरले. महिन्याभरानें कंपनी नोंदली गेली. भागभांडवल १ लक्ष. तो आणि त्याची पत्नी असे दोन डायरेक्टर. वर्ष चांगलें गेलें. ३१ मार्च उलटल्यावर हिशेबतपासनीस आले आणि वह्या चाळतां चाळतां त्यांनीं विचारलें, "हीं यंत्रें कोणाचीं?"

"कंपनीचीं," मुलगा म्हणाला. वहींत पाहिलें तर यंत्रें कोठेंच नव्हतीं. वडिलांचे पैसेहि नव्हते. त्या वृद्ध गृहस्थांची आयुष्यभराची पुंजी कंपनीच्या कामीं लागली होती. परंतु कंपनी त्यांची एका पैचीहि देणेदार नव्हती. उद्यां कंपनी बुडाली असती, तर देणेकऱ्यांच्या यादींत त्यांचें नांव आलें नसतें.

हें असें कां व्हावें, हें समजण्यास इंग्लंडांतील एक जुना खटला उपयोगी पडतो. सालोमन नांवाच्या जोड्यांच्या व्यापाऱ्यानें आपला चालता धंदा कंपनी काढून तिला विकला. भागधारक कोण, तर तो स्वतः, त्याची पत्नी आणि पांच मुलें. कंपनी बुडाली तेव्हां देणेकऱ्यांच्या बाजूनें म्हणणें पडलें, कीं कंपनी म्हणजे दुसरें तिसरें कोणी नसून सालोमनच होय. १८९६ सालीं हाऊस ऑफ लॉर्ड्सनें तें मानलें नाहीं. कंपनी ही सालोमनहून निराळी व्यक्ति आहे असा निकाल दिला. कंपनीच्या कर्जापायीं मालकाच्या राहत्या घरावर सहसा टांच येत नाहीं, ती ह्याच तत्त्वामुळें. परंतु मधली भिंत दोन्ही बाजूंनीं भिंतच असते. तुम्हीं केलेला खर्च आपोआप कंपनीचा होत नाहीं, आणि कंपनीचा पैसा आपोआप तुमचा होत नाहीं.

आतां खर्चाचे प्रकार पाहूं. पहिला प्रकार स्थापनेच्या खर्चाचा. कंपनीचें मेमोरँडम व आर्टिकल्स तयार करणें, नोंदणीची फी, त्यासंबंधींचा कायद्याचा सल्ला, धंद्याची पाहणी करून केलेला अहवाल, हे खर्च एकदम वजा होत नाहींत. धंदा सुरू झाला त्या वर्षापासून पांच वर्षें, दरसाल पंचमांश, असे ते वजा होतात. हे पैसे प्रवर्तकानें स्वतः भरलेले असतील, तर पावत्या जोडून, डायरेक्टरांच्या सभेंत ठराव करून, कंपनीनें ते त्यास परत द्यावे, म्हणजे खर्च कंपनीचा झाला. शिवाय त्यास मर्यादा आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या वहींत असलेल्या जमीन, इमारत, यंत्रें इत्यादि मालमत्तेच्या किंमतीचे पांच टक्के, अथवा कंपनीस सोयीचें वाटल्यास तिच्या भागभांडवल, डिबेंचरें आणि बँकादि संस्थांचीं दीर्घ मुदतीचीं कर्जें यांच्या बेरजेचे पांच टक्के. आमच्या परिचिताच्या कंपनीचीं यंत्रें वहींत असतीं, तर मर्यादा ३१ हजार झाली असती आणि दरसाल ६,२०० रुपये वजा झाले असते. तीं वहींत नव्हतीं. म्हणून १ लक्ष भांडवलावर मर्यादा ५ हजार, आणि दरसाल वजावट १ हजार! ही मर्यादा मागाहून सुधारतां येत नाहीं.

दुसरा प्रकार धंद्याची सिद्धता झाल्यापासून पहिलें काम हातीं येईपर्यंतच्या खर्चाचा. ह्या बाबतींत सर्व हिंदुस्थानास मार्गदर्शक ठरलेला निकाल महाराष्ट्रांतल्याच एका कंपनीच्या खटल्यांतून निघाला. खानदेशांत अमळनेर येथें तेलाचा व वनस्पति तुपाचा कारखाना चालविणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी १९४५ च्या डिसेंबरांत नोंदली गेली. तीच पुढें विप्रो ह्या नांवानें जगास माहीत झाली. तिच्या आरंभींच्या खर्चाचा वाद मुंबई हायकोर्टांत गेला, आणि १९५४ सालीं मुख्य न्यायमूर्ति छागला यांनीं भेद स्पष्ट केला. धंदा सुरू करण्याची सर्व तयारी झाली म्हणजे तो स्थापन झाला. प्रत्यक्ष व्यवहार त्यानंतर कांहीं काळानें सुरू होईल. ह्या मधल्या काळांतील खर्च वजा करतां येतो. तयारी पुरी होण्यापूर्वींचा येत नाहीं. तेव्हां गाळा भाड्यानें घेतला, यंत्रें बसलीं, फिटर नेमला, आणि कारखान्याच्या पहिल्या हुकुमाची वाट पाहत दोन महिने गेले, तर त्या दोन महिन्यांचें भाडें व पगार हा कंपनीचा रीतसर खर्च होय. म्हणून तयारी कोणत्या दिवशीं पुरी झाली, त्याचा पुरावा जपून ठेवावा: विजेच्या जोडणीचा कागद, यंत्र बसविल्याची पावती, कामगाराचें नेमणूकपत्र.

तिसरा प्रकार टिकाऊ वस्तूंचा. यंत्र, मोटार, संगणक यांची किंमत एकदम खर्चांत जात नाहीं, घसारा मिळतो. यंत्रें व मोटार यांवर दरसाल १५ टक्के, संगणकावर ४० टक्के, लांकडी सामानावर १० टक्के. आणि वस्तु त्या वर्षांत १८० दिवसांहून कमी वापरली असेल, तर ह्याच्या निम्मा. सहा लक्ष वीस हजारांच्या यंत्रांवर पुऱ्या वर्षाचा घसारा ९३ हजार रुपये झाला असता. परंतु घसारा मालकास मिळतो, आणि बिलावर मालक मुलगा होता.

ह्याखेरीज नेहमींचा खर्च आहेच. त्याची कसोटी एकच: तो सर्वस्वीं धंद्यासाठीं झालेला असला पाहिजे. सुप्यास जाण्यायेण्याचें पेट्रोल धंद्याचें. त्याच गाडींतून शिर्डीस सहकुटुंब दर्शनास गेलों, तर तें घरचें. खरा खर्चसुद्धां चुकीच्या रीतीनें केल्यास हातचा जातो. एका इसमास एका दिवशीं १० हजारांहून अधिक रोख दिले, तर कांहीं अपवाद सोडून तो खर्च धरला जात नाहीं. भाडें, फी, पोटमक्ता देतांना जेथें टीडीएस कापावयाचा तेथें तो कापला नाहीं, तर त्या वर्षीं खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होतो.

आतां घरांतल्या माणसांविषयीं. कंपनीचा डायरेक्टर स्वतः राबत असेल, तर त्यानें ठराव करून पगार घ्यावा; तो कंपनीचा खर्च आणि त्याचें उत्पन्न. समजा, कंपनीस पगारापूर्वीं १४ लक्ष उरले. २२ टक्क्यांचा दर पत्करलेल्या कंपनीस अधिभार व उपकर मिळून २५.१६८ टक्के, म्हणजे ३ लक्ष ५२ हजारांवर कर पडतो. आणि उरलेला नफा लाभांश म्हणून घरीं नेला तर त्याच्या हातीं तो पुन्हां करपात्र ठरतो. तेच ९ लक्ष पगार दिला, तर कंपनीचा कर सुमारें १ लक्ष २६ हजार. आणि २०२५-२६ पासून नव्या पद्धतींत १२ लक्षांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नसल्यामुळें, दुसरें उत्पन्न नसल्यास, पगारावर कांहीं पडत नाहीं. मात्र पगार खरोखर खात्यांत जमा झाला पाहिजे. पत्नीस पगार द्यावयाचा असल्यास सावध असावें: पतीचा व नातलगांचा मिळून कंपनींत २० टक्के वा अधिक हिस्सा असेल, तर तिचा पगार पतीच्याच उत्पन्नांत मिळविला जातो, तिच्यापाशीं धंद्याचें वा तंत्राचें शिक्षण असून पगार त्या ज्ञानाचा मोबदला असेल तरच तो तिचा राहतो. वडिलांच्या घरांतील खोली कचेरी म्हणून वापरली, तर त्यांस वाजवी भाडें द्यावें. वडिलांच्या हातीं त्यांतून ३० टक्के वजा होऊन बाकीवर हिशेब होतो. नातलगांस बाजाराहून जास्त दिलेलें मात्र कर-अधिकारी कापून टाकतो.

आणि सर्वांत मोठा मोह म्हणजे कंपनीच्या खात्यांतून, पुढें भरूं म्हणून, लग्नकार्यास अथवा घराच्या हप्त्यास पैसे काढणें. दहा टक्के वा अधिक मतांचा धनी असलेल्या भागधारकानें अशा खाजगी कंपनीकडून घेतलेली उसनवारी, सांठलेल्या नफ्याच्या मर्यादेंत, लाभांश समजून करास पात्र होते. पुढें परत केली तरीहि. उलट, त्यानें आधीं स्वतःचे पैसे कंपनीस कर्जाऊ दिल्याची नोंद असेल, तर तेच पैसे परत घेण्यास कर नाहीं. एका नोंदीचा हा फरक.

एवढा व्याप पाहून कोणी विचारील, कंपनी काढावीच कां? प्रश्न रास्त आहे. एकट्याच्या नांवावर धंदा असतां, उलाढाल २ कोटींच्या आंत असल्यास, जमेच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या ६ टक्के, नफा गृहीत धरून कर भरण्याची सोय आहे. रोख जमा पांच टक्क्यांहून अधिक नसेल तर ही मर्यादा ३ कोटी. कंपनीस ही सोय नाहीं. तिला कीर्दखतावणी ठेवावी लागते, आणि एक पैची उलाढाल नसली तरी हिशेब तपासून घ्यावे लागतात. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा प्राप्तिकर कायदा घेतो. त्यांत कलमांचे आकडे बदलले, वरील तत्त्वें कायम आहेत. ज्यास पावत्या सांभाळण्याचा कंटाळा आहे, त्यानें मोठ्या गिऱ्हाइकाच्या आग्रहावांचून ह्या वाटेस जाऊं नये.

आमच्या परिचितांच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. मुलानें यंत्रें वाजवी किंमतीस रीतसर बिल करून कंपनीस विकलीं. किंमत त्याच्या नांवें देणें म्हणून वहींत आली; कंपनी दरमहा तीं देणीं फेडते आणि तो तेवढीच रक्कम चेकनें वडिलांस देतो. पहिल्या वर्षाचा घसारा गेला तो गेलाच. पुढें कंपनीस आणखी २ लक्ष लागले, तेव्हां वडिलांनीं ते थेट कंपनीस चेकनें कर्ज दिले. डायरेक्टरच्या नातलगानें, हे पैसे कर्ज काढून आणलेले नाहींत असें लिहून दिलें, तर खाजगी कंपनीस ते घेतां येतात; तसें त्यांनीं लिहून दिलें. त्या कागदावर कंपनीतर्फें सही सुनेची होती. सही करण्यापूर्वीं तिनें तो मजकूर दोनदां वाचला आणि सासऱ्यांस विचारलें, "आतां तुमचें नांव वहींत कोठें येतें, तें मला दाखवाल?" त्यांनीं दाखविलें, आणि मगच तिनें सही केली. आमच्या वाचकभगिनींपैकीं ज्यांच्यापुढें असे कागद येत असतील, त्यांनीं हा प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये.