खाऱ्या हवेतली जुनी पिकअप : नवी बॅटरी घेण्याआधी एवढे तपासा



उत्तन, पाली, चौक, डोंगरी या आपल्या गावांत जुनी पिकअप म्हणजे घरातले कमावते माणूस. पहाटे तिने दगा दिला, की मासळीवरचा बर्फ वितळतो, भाजी कोमेजते आणि दिवसाचा बाजार बुडतो. मग घाईघाईत नवी बॅटरी आणली जाते. काही दिवसांनी तीही बसते. कारण पुष्कळदा दोष बॅटरीत नसतोच, तो सांध्यात आणि अर्थमध्ये असतो.

असे का होते? आपल्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि जवळच मिठागरे. हवेतले मीठ ओलावा धरून ठेवते. तांब्याच्या तारेवर हिरवी बुरशीसारखी पूड चढते, लोखंड गंजते. त्यात मासळीच्या टोपल्यांतून बर्फाचे खारे पाणी चॅसिसवर गळते. गाडीत वीज प्लसच्या तारेने दिव्यापर्यंत जाते आणि परत येते ती बॉडीच्या लोखंडातून. या परतीच्या वाटेलाच आपण अर्थ म्हणतो. ती गंजली, की बॅटरी कितीही नवी असो, सेल्फ नुसता कटकट करतो.

तपासणीसाठी एक साधा मीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, पाने आणि पॉलिश पेपर एवढेच पुरते. पुढील क्रम सोडू नका.

१. बॅटरी : गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली असेल तर आधी चार्ज करून घ्या. मग सेल्फ मारताना पाहा. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमकुवत. आकडा बाराच्या आसपास टिकला आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नका, पुढे चला. पाणी घालायच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचे किंवा नळाचे नको. जवळ विडी-काडी पेटवू नका, चार्ज होताना बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

२. टर्मिनल : सोडताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पांढरी-हिरवी पूड कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा.

३. अर्थ : इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, म्हणून त्याला स्वतंत्र अर्थपट्टी लागते. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटावर आणि लाल पिन इंजिनाच्या घासून स्वच्छ केलेल्या धातूवर धरा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून दुसऱ्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर पट्टी सोडा, दोन्ही टोके चकचकीत होईपर्यंत घासा, तुटत आलेली असेल तर बदला. इंडिकेटर लावला की मागचा दुसराच दिवा लुकलुकतो, असे होत असेल तर त्या दिव्याची अर्थ गेली असे बहुधा समजावे.

४. चार्जिंग : इंजिन चालू करून थोडी रेस द्या. बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा साडेबारावरच राहिला तर आधी पट्टा ढिला आहे का आणि अल्टरनेटरची वायर निसटली आहे का, ते बघा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीचे पाणी आटत जाईल. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून चार्जिंग ‘बघण्याची’ सवय मात्र सोडा. डायनामोच्या गाड्यांत ते खपून जायचे, अल्टरनेटरचे डायोड त्याने जळू शकतात.

५. रात्रीत उतरणारी बॅटरी : सगळे दिवे बंद करा, दारे लावा. मायनसची वायर काढून तिच्या आणि खुंटाच्या मध्ये टेस्ट लॅम्प धरा. दिवा लख्ख पेटला तर कुठेतरी वीज खर्च होत आहे. फ्यूज एकेक काढा. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्याच्या लाईनमध्ये दोष.

६. फ्यूज : पुन्हा पुन्हा उडतो म्हणून तार, चांदी किंवा मोठा फ्यूज घालू नका. फ्यूज उडतो तो गाडी वाचवण्यासाठी. जाड तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि गाडीला आग लागू शकते. पाती फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. होता त्याच रंगाचा घाला आणि चॅसिसच्या भोकापाशी वायर घासून उघडी पडली आहे का ते शोधा.

मासळीची खेप उतरवल्यावर हौदा आणि चॅसिस गोड्या पाण्याने धुवा. मे महिन्यात, पावसाआधी, आणि पाऊस संपल्यावर अशी वर्षातून दोनदा ही सारी तपासणी करा.

सेल्फ किंवा अल्टरनेटर उघडण्याचे काम मात्र वायरमनचेच. त्याच्याकडे जाताना वरचे सगळे आकडे कागदावर लिहून न्या. ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच सांगितले तर तो अंदाजाने भाग बदलेल आणि पैसे तुमचे जातील. आकडे दाखवलेत तर त्याचा वेळ वाचेल आणि तुमची खेपही चुकणार नाही.