रानपिंगळा आणि खरी नोंद

नाताळच्या सुटींत पुष्कळ कुटुंबें मेळघाटाकडे जातात. चिखलदऱ्याची हवा खावी, दैव बलवत्तर असल्यास वाघाचें दर्शन घ्यावें, एवढाच बहुतेकांचा बेत असतो. परंतु त्याच सागवानी रानांत वीतभर लांबीचें एक घुबड राहतें. त्याचें नांव रानपिंगळा. त्याच्या शोधाची हकीकत प्रत्येक विद्यार्थ्यानें मनांत ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १८७२ मध्यें, हल्लींच्या छत्तीसगडांतील फुलझर येथें, या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला. पुढील बारा वर्षांत नमुन्यांची संख्या अवघी सातापर्यंत गेली. त्यांतील बहुतेक जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें पश्चिम खानदेशांत गोळा केले होते. १८८४ नंतर मात्र पक्षी जणूं नाहींसाच झाला. सुप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनींही त्याचा शोध केला. पण तो निष्फळ ठरला.

शोधकांपुढें एक अलीकडची नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या संग्रहांतील एका रानपिंगळ्यास 'मांडवी, १९१४' अशी चिठ्ठी होती. ही मांडवी गुजराथेंतील. पुढें पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीनें तो नमुना बारकाईनें तपासला. तेव्हां तो मूळचा डेव्हिडसनचाच असून, ब्रिटिश संग्रहालयांतून चोरून पुन्हां नव्यानें भरलेला आहे, असें उघडकीस आलें. खोट्या चिठ्ठीनें शोधाची दिशाच चुकविली होती. रासमुसेनबाईंनीं ती बाजूस सारिली व जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणें गांठलीं. नोव्हेंबर १९९७ मध्यें, दोन सोबत्यांसह शहाद्याजवळच्या रानांत हिंडत असतां, तो पक्षी सकाळच्या उन्हांत निष्पर्ण झाडावर बसलेला त्यांस दिसला. एकशें तेरा वर्षांचा अज्ञातवास संपला! त्यानंतर मेळघाट, तोरणमाळ आणि २०१४ मध्यें ठाणें जिल्ह्यांतील तानसा येथेंही तो आढळला. तरीही त्याची गणना आज संकटग्रस्त जातींतच होते.

आतां तो ओळखावा कसा? गांवाजवळ दिसणारा साधा पिंगळा त्याचा जवळचा भाईबंद असल्यामुळें फसगत होण्याचा संभव फार. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचें डोकें जवळ जवळ ठिपक्यांवांचून असतें. त्याच्या छातीचा मध्यभाग स्वच्छ पांढरा असतो, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे असतात, आणि चोंच व पंजे देहाच्या मानानें दणकट दिसतात. बहुतेक घुबडें रात्रीं हिंडतात. हा दिवसाढवळ्या सरडे, उंदीर व किडे टिपतो.

पालकांस दोन शब्द. वनखात्याचा परवाना व माहीतगार वाटाड्या घेतल्याविना रानांत शिरूं नये. घरट्याच्या ढोलीजवळ गर्दी करूं नये. पक्ष्यास बोलाविण्यासाठीं त्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवूं नये, कारण त्यामुळें त्यास त्रास होतो. मुलांच्या हातीं दुर्बिणीबरोबर एक वही अवश्य द्यावी. तींत तारीख, वेळ, ठिकाण, झाड आणि प्रत्यक्ष दिसलेल्या खुणा जागच्या जागीं लिहाव्या. डोकें नीट दिसलें नसेल तर 'डोकें दिसलें नाहीं' असेंच लिहावें. आपणांस पाहावयाचा होता म्हणून कोणी साध्या पिंगळ्याचा रानपिंगळा करूं नये.

मुलांनो, तीन दिवस हिंडून वहींत 'रानपिंगळा दिसला नाहीं' एवढेंच लिहावें लागलें, तरी खिन्न होऊं नका. मांडवीच्या त्या चिठ्ठीपेक्षां तुमची ती ओळ पक्षिशास्त्राच्या अधिक उपयोगीं पडेल. उद्यां कोणी त्या रानांत पुन्हां शोध करील, तेव्हां तिच्यावर त्याला निःशंकपणें विसंबतां येईल.