खाटेशेजारची भाषा

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतःच्या देशाबाहेरील रुग्णालयात किंवा आरोग्यकेंद्रात काही आठवडे राहून तेथील रुग्ण, रोग आणि उपचारांची रीत प्रत्यक्ष पाहावी, आणि परवानगी असेल तेवढ्यापुरता कामाला हात लावावा, ही पद्धत पाश्चात्त्य देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांत आता चांगलीच रुळली आहे. ब्रिटनमध्ये अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षांत यासाठी साधारणतः सहा ते आठ आठवडे राखून ठेवतात आणि त्यास ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने निवडलेले प्रशिक्षण, असे म्हणतात. रुग्णाला हात न लावता नुसते शेजारी उभे राहून पाहायचे असेल, तर त्या व्यवस्थेला ‘ऑब्झर्व्हरशिप’ असे वेगळे नाव आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेला वैद्यकीय विद्यार्थी संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ अशा देवाणघेवाणीची व्यवस्था पाहतो, आणि भारतातही २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाने ऐच्छिक प्रशिक्षणाला काही जागा करून दिली आहे.

बीड जिल्ह्यातील गेवराई हा गोदावरीच्या दक्षिणेकडचा, सोलापूर–धुळे महामार्गावरचा, ऊसतोड मजुरांचा तालुका. या विषयाची दोन्ही टोके गेवराईच्या परिसरातून पाहता येतात. एका टोकाला परदेशात जाऊन डॉक्टर होऊ पाहणारी मराठवाड्यातील मुले आहेत, तर दुसऱ्या टोकाला जिल्ह्याच्या सीमेला लागूनच असलेले जामखेड, जेथे गेली कित्येक वर्षे परदेशांतील विद्यार्थी शिकण्यासाठी येत आले आहेत. वरवर पाहता या दोन प्रवाहांचा एकमेकांशी संबंध नाही. पण खाटेवरचा रुग्ण जे सांगतो ते खाटेशेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टराला कितपत समजते, हा प्रश्न दोहोंनाही सारखाच लागू होतो, आणि परदेशातील प्रशिक्षणाचे मोल त्याच्याच उत्तरावर ठरते.

या प्रशिक्षणाचा इतिहास साम्राज्याच्या काळापर्यंत मागे जातो. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे, म्हणजे बीड ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्यात, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या प्रयोगासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाने डास चावून घेतले आणि त्याबद्दल त्याला डासागणिक एक आणा मिळाला. लिव्हरपूल येथे १८९८ मध्ये आणि लंडन येथे १८९९ मध्ये उष्ण कटिबंधातील रोगांचे शिक्षण देणाऱ्या संस्था निघाल्या, रॉस लिव्हरपूलला शिकवू लागले, आणि वसाहतींत नोकरीसाठी जाणारे डॉक्टर तेथून तयार होऊन बाहेर पडू लागले. रोग आणि रुग्ण इकडचे, वर्ग आणि पदवी तिकडची, अशी ही वाटणी होती, आणि तिच्या खुणा अजून पुरत्या पुसल्या गेलेल्या नाहीत.

उलट दिशेने जाणाऱ्यांत मराठी माणसे अगदी पहिल्या फळीत होती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झालेली असताना १८८७ मध्ये निधन पावल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, ही गोष्ट सहसा ओझरती सांगितली जाते. परंतु परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थिनीने आपल्या घरचे ज्ञान तेथील परीक्षकांपुढे अभ्यासविषय म्हणून ठेवावे, यात त्या काळाच्या मानाने मोठा धीटपणा होता.

या दोन्ही दिशा जेथे खऱ्या अर्थाने एकत्र आल्या ते ठिकाण जामखेड होय. नगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हा तालुका बीडच्या आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना भिडलेला, तसाच अवर्षणप्रवण आणि तसाच स्थलांतराचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे अमेरिकेत गेले आणि तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे, म्हणजे एकेका रुग्णाऐवजी सबंध लोकवस्तीच्या आरोग्याचे, शिक्षण घेतले. तेथे त्यांचे गुरू होते कार्ल टेलर, आणि टेलर स्वतः भारतात जन्मलेले व पंजाबातील नारंगवाल येथील खेड्यांत आरोग्यसेवेचे प्रयोग केलेले, तेव्हा अमेरिकेत जाऊन आरोळ्यांनी जे शिकून घेतले त्याचा एक भाग मुळात भारतीय खेड्यांनीच शिकवलेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

१९७० मध्ये जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. गावोगावी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याची आरोळ्यांची मूळ कल्पना होती, पण शहराकडून आलेल्या परिचारिका खेड्यात राहायला नाखूश असत आणि गावातल्या बायकाही त्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलत नसत. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवावे, ही सूचना गावकऱ्यांकडूनच आली आणि प्रकल्पाची सारी घडी तिच्यामुळे बदलली. निवडल्या गेलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती आणि कित्येक दलित समाजातल्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून तेच इतर बायकांना सांगत: जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, बाळाची नाळ कापताना स्वच्छता कशी राखावी, कोणत्या गरोदर बाईला थांबून न राहता लगेच रुग्णालयात हलवावे, क्षय आणि कुष्ठरोग वेळीच कसा ओळखावा. प्रकल्प सुरू होताना त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत दगावत होती; १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. एवढा फरक औषधांनी पडला नव्हता, तर पाणी, धान्य, शेतकरी मंडळे, महिला मंडळे आणि जातीच्या उतरंडीला दिलेले धक्के या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम होता.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या कामाची नोंद घेतली, आणि १९७८ मध्ये अल्मा-आटा येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा, म्हणजे लोकांच्या दारापर्यंत त्यांच्याच सहभागाने पोहोचणाऱ्या सेवेचा, जाहीरनामा मंजूर झाला त्यामागे ज्या मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत जामखेडचे नाव येते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे १९९२ मध्ये प्रकल्पाच्या आवारात समाजस्वास्थ्याचे शिक्षण देणारी आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि मेबल आरोळे यांच्या नावाने अमेरिकी पदवीधरांसाठी शिष्यवृत्तीही सुरू झाली. येथे येणाऱ्या विद्यार्थ्याला अवघड शस्त्रक्रिया पाहण्याची हौस असेल तर तो चुकीच्या ठिकाणी आला, असे समजावे. त्याला शिकवणाऱ्यांत गावातल्या आरोग्यसेविका असतात. निदान करण्यापूर्वी घरात कोण कमावते, पाणी कुठून येते, सून आधी जेवते की शेवटी, हे पाहायला त्या शिकवतात. जामखेडच्या आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टनमधील आरोग्य परिषदेत डॉक्टरांना झुंबराची आणि आपल्यासारख्यांना पणतीची उपमा दिली होती, असे सांगतात. झुंबर महाग, आणि एकाच दालनात टांगलेले; पणती मात्र एकीवरून दुसरी लावता येते. परदेशी विद्यापीठांच्या कितीतरी माहितीपत्रकांत मावणार नाही एवढा आशय त्या एका उपमेत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही १९८४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्येच शिक्षण पूर्ण केले आणि परतल्यावर गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. संशोधनाची पद्धत बाल्टिमोरमध्ये शिकलेली होती, प्रश्न मात्र गडचिरोलीचे होते. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी होती, आणि त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले. कुटुंबनियोजनापलीकडे ग्रामीण स्त्रीच्या शरीराकडे न पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय आरोग्यक्षेत्राला त्या अभ्यासाने दखल घ्यायला लावले.

या अभ्यासानंतर तीस वर्षांनी बीड जिल्ह्यात जे समोर आले ते त्याच प्रश्नाचे अधिक भीषण रूप होते. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले, म्हणजे दर सहा जणींमागे जवळजवळ एक. बोलीत याला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याने दुभाष्यामार्फत एवढेच ऐकले की बाईची पिशवी काढली आहे, तर तो आपल्या वहीत शस्त्रक्रियेचे शास्त्रीय नाव लिहून मोकळा होईल; पण त्या दोन शब्दांमागे आणखी काही शब्द उभे असतात आणि ते कळल्याखेरीज रोगाचे कारण कळत नाही. नवराबायको मिळून मजुरीत ‘एक कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली ‘उचल’ दोघांनी मिळून फेडायची असते, एका दिवसाचा ‘खाडा’ पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडून वर दंड बसतो, आणि फडावर पाणी नाही, आडोसा नाही, डोक्यावर मात्र उसाची मोळी आहे. पाळीचे दुखणे आणि अंगावरून जाणे अशा जीवनात खाड्याचे कारण ठरते. मग तरुणपणीच पिशवी काढून टाकणे हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि घेणारीला नाइलाजाचा वाटतो. स्त्रीरोगाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात उचल आणि खाडा हे शब्द नाहीत. गेवराईत त्यांच्याशिवाय रुग्णाची हकीकत पूर्ण होत नाही.

परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्तनाविषयी २०१० मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. यजमान संस्थेच्या गरजा आधी पाहाव्यात, विद्यार्थ्याला शिकवण्यात तेथील डॉक्टरांचा जो वेळ आणि पैसा जातो त्याची भरपाई व्हावी, आणि स्वदेशी ज्या कामाची विद्यार्थ्याला परवानगी नसते ते त्याने परदेशातील गरीब रुग्णावर करू नये, हा त्यांचा गाभा आहे. शेवटचे तत्त्व इतके उघड आहे की ते लिहून काढावे लागले यातच सारे आले. भारतात तर नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे हा २०१९च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याप्रमाणे गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र कायद्यापेक्षा नाजूक बाब संमतीची आहे. पांढरा कोट घातलेला गोरा तरुण समोर आला की वॉर्डातील रुग्ण त्याला मोठा डॉक्टर समजतो, आणि ‘हा विद्यार्थी आहे, याने तपासलेले चालेल का’ हे त्याला मराठीत कोणी विचारले नाही, तर त्याच्या मौनाला संमती मानता येत नाही.

आता दुसरे टोक. सरकारी जागा हुकलेली आणि खासगी महाविद्यालयांचे शुल्क न झेपणारी मराठवाड्यातील अनेक कुटुंबे मुलांना रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपीन्स अशा देशांत पाठवतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१च्या नियमांनुसार तेथील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्यानंतर १२ महिन्यांची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयात राबून करायचा सराव, त्याच देशात व्हावी लागते, आणि भारतात परतल्यावर चाळणी परीक्षेत ३०० पैकी १५० गुण मिळवून पुन्हा १२ महिने आंतरवासिता करावी लागते. हे नियम जाचक वाटले तरी त्यांमागे कारण आहे. किर्गिझस्तानातील बिश्केकमध्ये वर्ग इंग्रजीत चालतो, पण खाटेवरचा रुग्ण किर्गिझ किंवा रशियन बोलतो; ती भाषा न शिकलेला बीडचा मुलगा त्याच्यापाशी तितकाच मुका असतो, जितका जामखेडला आलेला अमेरिकी विद्यार्थी पहिल्या दिवशी. फरक इतकाच की अमेरिकी विद्यार्थी काही महिन्यांनी आपल्या माणसांत परततो, आणि बीडच्या मुलाचे रुग्णालयातील जवळजवळ सगळे शिक्षण त्या मुकेपणात पार पडण्याचा धोका असतो. युक्रेनमधील युद्धामुळे २०२२ मध्ये परतलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे अखेरचे वर्ष ऑनलाइन उरकले गेले त्यांना आयोगाने भारतात दोन वर्षांची आंतरवासिता लावली, ती खाटेशेजारच्या शिक्षणातील उणिवेचीच कबुली होती.

भाषेची सोय झाली तरी वेळेची अडचण उरते. परदेशी विद्यापीठे आपल्या सत्रांच्या सोयीने तारखा ठरवतात, तर गेवराईचे वर्ष साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाने चालते. दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर आणि ट्रक भरून कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जानेवारीत येथे उतरलेल्या विद्यार्थ्याला ओपीडीत गर्दी कमी दिसेल, गावात आजी-आजोबा आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले भेटतील, आणि त्यावरून तालुक्यात तरुण स्त्रियांचे आजार विशेष नाहीत असा निष्कर्षही तो काढू शकेल. ज्या स्त्रियांसाठी तो आला आहे त्या तेव्हा शेकडो किलोमीटर दूर, कारखान्याच्या आसपास उभारलेल्या कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असतात आणि पहाटेच्या अंधारात फडावर गेलेल्या असतात. त्यांना गाठायचे तर त्याने एप्रिलपर्यंत थांबावे, किंवा त्यांच्यामागे तेथवर जावे.