अकरा किलोंचा हिशेब

भिवंडी तालुक्यातलं वडपे म्हणजे गोदामं आणि मुंबई-नाशिक महामार्गावरचे ट्रक. इथे मालाच्या वजनाची नोंद दिवसरात्र चालते. त्याच गावातल्या गरोदर बाईच्या कार्डावरही प्रत्येक तपासणीला एक आकडा चढतो. नऊ महिन्यांत तो साधारण 10 ते 12 किलोंनी वाढतो. बाळ मात्र जन्मतं तीनेक किलोंचं. मग बाकीचं वजन कुठे असतं?

वार अर्ध्या किलोच्या वर, गर्भजल पाऊण किलो. एरवी जेमतेम 70 ग्रॅमची गर्भपिशवी किलोभर होते. अंगात दीडेक लिटर जादा पाणी साठतं. संध्याकाळी पैंजण घट्ट होतात ते त्यामुळेच.

रक्ताची तऱ्हा तर थक्क करणारी. ते जवळजवळ दीडपट होतं. त्यातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतं. (लोहाच्या गोळ्या तरीही चुकवायच्या नाहीत.) पातळ झालेलं रक्त वारेत सहज खेळतं आणि बाळंतपणातला रक्तस्राव सोसायची तयारीही आधीच झालेली असते. शेवटी शेवटी गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त धावतं!

उरते तीनेक किलो चरबी. अंगावर पाजताना रोज सुमारे 600 कॅलरी जादा लागतात, त्याची ही बेगमी.

‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हे खरं नाही. रोज 350 कॅलरी जादा पुरतात: एक भाकरी, वाटीभर वरण, कपभर दूध. ‘बाळ मोठं झालं तर अडशील, कमी जेव’ हा सल्ला तर घातकच. मुळात सडपातळ असलेल्या बाईचं वजन जास्त वाढायला हवं, जाड बाईचं कमी.

मुंबईच्या वस्त्यांत 2006 ते 2012 या काळात बायकांना दिवस राहण्याआधीपासून पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. निदान तीन महिने आधी सुरुवात केलेल्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमनी जास्त भरली. फार कृश बायकांच्या बाळांत मात्र हा फरक दिसला नाही. मला तरी यातून एकच दिसतं: मुलगी वयात येते तेव्हापासूनच तिचं ताट भरलेलं हवं.

सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदरपणाची मोफत तपासणी असते. तिथे वजन करून घ्याच. ते आठवड्यात एकदम वाढलं, चेहरा-हात सुजले किंवा डोकं ठणकू लागलं, तर पुढच्या 9 तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.