डस्ट कलेक्टरचा भाव आणि छातीतली धूळ

ओतकामाच्या कारखान्यांचे मालक हल्ली डॉक्टरांना एक नवा प्रश्न विचारू लागले आहेत. आरोग्य तपासणी शिबिरात कामगारांचे एक्स-रे पाहून झाले, चहा आला, की मालक मोबाइलवर एक दरपत्रक उघडून दाखवतात. धूळ खेचायचे यंत्र, म्हणजे डस्ट कलेक्टर. चीनमधून येणार, आणि इथल्या नामांकित कंपनीच्या भावाच्या निम्म्यात. ‘डॉक्टर, घेऊ का?’

प्रश्न खरे तर इंजिनिअरचा आहे. पण तो मला विचारला जातो याचे मला बरे वाटते, कारण या रोगावर माझ्याकडे औषध नाही. वाळूतल्या सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात बसून सिलिकोसिस होतो. त्यात पडलेले व्रण भरून येत नाहीत आणि काम सोडल्यानंतरही रोग पुढे सरकत राहू शकतो. क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सरकारी रुग्णालयात असा रुग्ण पुष्कळदा क्षयाच्या गोळ्यांचा एखादा कोर्स पुरा करूनच आलेला असतो. एक्स-रेवरचे डाग सारखे दिसू शकतात आणि ‘काम काय करता?’ हे त्याला कुणी विचारलेलेच नसते. श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे. तेव्हा या रोगात जो काही उपचार आहे तो धूळ अडवणे हाच, आणि म्हणून मी ते दरपत्रक औषधाच्या चिठ्ठीइतक्या बारकाईने वाचतो.

त्यात सर्वांत ठळक अक्षरांत असते ती ‘कार्यक्षमता ९९ टक्के’. ही टक्केवारी बहुधा वजनाची असते आणि गफलत तिथेच होते. १० मायक्रॉनचा एक कण १ मायक्रॉनच्या कणापेक्षा हजारपट जड असतो. समजा, यंत्राने १० मोठे कण पकडले आणि १०० लहान कण सोडून दिले. वजनाने हिशेब केला तर पकडलेली धूळ १०,००० आणि सुटलेली १००, म्हणजे कार्यक्षमता ९९ टक्के! प्रत्यक्षात ११० पैकी १०० कण हवेत मोकळे. मोठे कण नाकात, घशात अडकतात आणि खाकरून बाहेर पडतात. साधारण चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून ते डोळ्यांना का दिसत नाहीत हे लक्षात येईल. म्हणून पुरवठादाराला विचारायचा पहिला प्रश्न असा: ९९ टक्के, पण किती मायक्रॉनच्या कणांसाठी? आणि ही चाचणी कुणी केली?

किती धूळ पुरेशी होते? अमेरिकेने २०१६ मध्ये सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम अशी ठरवली. कष्टाचे काम करणारा माणूस एका पाळीत साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादेपर्यंत पोचायला एका पाळीत अर्धा मिलिग्रॅम पुरतो. चिमूटभर मीठ तीनशे मिलिग्रॅमचे धरले, तर तेवढीच धूळ सहाशे पाळ्यांत, म्हणजे दोन वर्षांत विभागून श्वासात जायची. ‘आमच्याकडे फारशी धूळ दिसत नाही’ हे वाक्य त्यामुळे मला अजिबात दिलासा देत नाही.

आता भावाकडे वळू. सर्वांत स्वस्त यंत्र असते ते चाकांवरचे: खाली पंखा आणि वर कापडाची एक मोठी पिशवी. हे मुळात सुतारकामाचा भुसा आणि रंध्याच्या सालपटांसाठी. त्याच्यासोबत येणाऱ्या साध्या पिशवीची जाळी कित्येकदा ३० मायक्रॉनची असते. फाउंड्रीत ते लावले तर जाड धूळ पिशवीत बसते आणि बारीक धूळ कापडातून गाळून, पंख्याच्या जोराने शेडभर पसरते. जमीन स्वच्छ दिसते आणि हवा आधीपेक्षा वाईट होते. असे यंत्र फुकट मिळाले तरी सिलिकासाठी घेऊ नये.

खऱ्या कामाचे यंत्र म्हणजे कप्प्यात टांगलेल्या पिशव्यांची किंवा कार्ट्रिजची रांग आणि त्यांच्यावरची धूळ झटकण्यासाठी ठरावीक वेळाने सुटणारा दाबाच्या हवेचा झोत. याच्या दरपत्रकात हवेचे प्रमाण ठळक दिलेले असते. कापडाचे क्षेत्रफळ मात्र शोधावे लागते. बारीक सिलिकासाठी कापडाच्या एका चौरस मीटरमधून मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा जावी, असे या क्षेत्रातले इंजिनिअर सांगतात. तासाला १०,००० घनमीटर हवा खेचायची तर कापड दीडशे-पावणेदोनशे चौरस मीटर हवे. दोन यंत्रांवर हवेचा आकडा एकच आणि भाव निम्मा असेल, तर कापड मोजा. फरक बहुतेक वेळा तिथेच सापडतो. कमी कापडाची पिशवी लवकर तुंबते आणि खेच मरते. हवेचा तो आकडाही पिशव्या आणि पाइप जोडलेले असतानाचा आहे की मोकळ्या पंख्याचा, हे लिहून घ्यावे. साध्या पॉलिस्टर फेल्टपेक्षा पातळ पीटीएफई पडदा चढवलेले कापड महाग असते, पण बारीक कण त्याच्या पृष्ठभागावरच अडतात. या एका बाबीत पैसे वाचवू नयेत, असे माझे मत आहे.

परदेशी भाव बहुधा एफओबी असतो, म्हणजे माल तिथल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा. पुढे समुद्रभाडे, विमा, सीमाशुल्क, त्यावरचा अधिभार, आयजीएसटी, न्हावाशेवाच्या बंदरातले खर्च, क्लिअरिंग एजंट, ट्रक, क्रेन आणि उभारणी. आयजीएसटीची वजावट नोंदणीकृत कारखान्याला बहुधा मिळते. बाकीचे खिशातून जाते. त्यात डस्ट कलेक्टर म्हणजे पत्र्याची पोकळ पेटी. जहाजाचे भाडे इथे वजनापेक्षा जागेवर बसते, म्हणजे आपण चीनमधली हवा भाडे भरून आणतो. हेबेई प्रांतातल्या बोतोउ शहरात डस्ट कलेक्टर बनवणाऱ्या कारखान्यांची दाटी आहे आणि तिथला भाव खरोखरच कमी असतो. पण पेटी, हॉपर, पाइप आणि सांगाडा आपल्या एमआयडीसीतला चांगला फॅब्रिकेटरही बनवतो. आराखडा जाणकाराकडून करून घ्यायचा, पत्राकाम इथे करायचे आणि चांगले फिल्टर कापड, झोताचे व्हॉल्व्ह व कंट्रोलर एवढेच गरज पडली तर बाहेरून मागवायचे, ही वाट कित्येकांना परवडते. पिशवीचे माप इथे सहज मिळणारे ठेवले की पुढच्या वर्षी वीस पिशव्यांसाठी कंटेनरची वाट पाहावी लागत नाही. पिशवी फाटली आणि सुटा भाग नाही म्हणून दोन महिने यंत्राशिवाय काम चालू राहणे, ही माझ्या दृष्टीने सर्वांत महाग गोष्ट.

विजेचेही पाहावे. चीनमध्ये आपल्यासारखीच ५० हर्ट्झ वीज आहे. तैवान आणि अमेरिकेत ६० हर्ट्झ. तिकडच्या विजेसाठी बनलेला पंखा इथे साध्या जोडणीवर चालवला, तर तो सुमारे पाच-षष्ठांश वेगाने फिरतो. हवा जवळजवळ १७ टक्क्यांनी घटते, आणि पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाने कमी होत असल्याने तो ३० टक्क्यांच्या आसपास उतरतो. कागदावरचे यंत्र आणि शेडमधले यंत्र वेगळे होते ते असे.

इतके सगळे बरोबर घेऊनही धूळ जात नाही, अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा तोंडाशी असतो. खेचणारे तोंड, म्हणजे हूड, धुळीपासून जरा लांब गेले की खेच भराभर पडते. पाइपच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या जेमतेम दहाव्या भागावर येतो. फेटलिंग करणाऱ्याच्या ग्राइंडरपासून हूड दोन-तीन हात लांब टांगलेला असेल, तर कितीही महागाचे यंत्र त्याच्या काही उपयोगाचे नाही. आणि हूड माणसाच्या डोक्यावर नको. धूळ नाकावरून वर जाते. तो समोर किंवा बाजूला हवा.

ओतकाम ॲल्युमिनियमचे असेल तर विषय निराळा आहे. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधल्या कुनशान इथे मोटारींच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. सुरुवात धूळ गोळा करणाऱ्या यंत्रणेतच झाली होती. मृतांचा आकडा १४६ वर गेला. वाळूची धूळ पेट घेत नाही, पण ॲल्युमिनियम, लाकूड, साखर, पीठ यांची घेते. अशा ठिकाणी स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप, अर्थिंग आणि यंत्राची शेडबाहेर जागा यांविना आलेले स्वस्त दरपत्रक बाजूलाच ठेवावे.

खरेदीनंतरचा खर्च कुणी विचारत नाही. १५ किलोवॉटचा पंखा रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस चालला तर ३६,००० युनिट होतात. बिल आले की यंत्र ‘तपासणीच्या दिवशी’ चालू होऊ लागते. पावसाळ्यात दमट हवेने पिशव्यांवर चिखलाचा थर बसतो, आणि कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी काढले नाही तर झोत तो थर आणखी पक्का करतो. हवेचा ड्रायर आणि पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा छोटा गेज दरपत्रकात आहे का, ते पाहावे. गेज सुपरवायझरच्या नजरेला पडेल असा हवा. छतावर बसवलेला कुणी वाचत नाही.

कराराबद्दल माझी एकच सूचना असते, आणि ती ऐकून पुरवठादार जरा गप्प होतात. शेवटचा हप्ता यंत्र सुरू झाल्यावर द्यायचा नाही, तर हवा मोजल्यावर द्यायचा. कामगाराच्या कॉलरला छोटा पंप लावून पाळीभर नमुना घ्यायचा आणि त्यातल्या श्वसनयोग्य सिलिकाचे प्रमाण प्रयोगशाळेत काढायचे. यंत्र बसण्याआधी एकदा, नंतर एकदा. चिमणीतून काय बाहेर पडते ते प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते. मला हवा आहे तो नाकाजवळचा आकडा. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम १४ चा रोखही हाच होता, की धूळ जिथे उठते तिथेच शक्य तितकी खेचायची. सिलिकोसिस हा सरकारला कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे. तो त्या कायद्याच्या यादीत होता आणि नव्या कामगार संहितेच्या यादीतही आहे.

ज्यांना यंत्राचा खर्च आज झेपतच नाही, त्यांनी दरपत्रक बाजूला ठेवून आधी धूळ कमी करावी. कास्टिंगवर वाळूचा मारा करत असाल तर पोलादी शॉट वापरा. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कास्टिंगवरचे वाळूचे ब्लास्टिंग थांबवले. जमीन कोरड्या झाडूने झाडू नका, आणि कपड्यांवरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. हे बिनपैशाचे आहे.

आणि यंत्र घेतलेत, तर पिशव्या बदलण्याचा दिवस लक्षात ठेवा. महिनोन्‌महिने अडवलेली धूळ त्या दिवशी एका माणसाच्या अंगावर सुटते, आणि हे काम सहसा सर्वांत नव्या पोराकडे येते. घेतानाच विचारा, पिशव्या स्वच्छ हवेच्या बाजूने, वरून काढता येतात का? हॉपरखाली गोणी घट्ट बांधता येते का? त्या कामासाठी चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क द्यावा, आणि त्या पोराचा छातीचा एक्स-रे व फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी कामाला लावण्याआधीच करून ठेवावी.