गुगलवरचं पाटण आणि पुस्तकातलं पाटण

मोबाइलवर नुसतं ‘पाटण’ टाइप करून बघा. बहुतेक वेळा आधी समोर येईल गुजरातचं पाटण, राणी की वाव, पटोला साड्या. कराड-चिपळूण रस्त्यावरचं, कोयना आणि केरा नद्यांच्या संगमाजवळचं आपलं पाटण शोधायला पुढे ‘सातारा’ जोडावं लागतं. ‘जयगड’ शोधलात तर रत्नागिरीचा समुद्रकाठचा किल्ला हजर. नवजा गावाजवळचा, जंगलातला, तो ‘जंगली जयगड’. आणि भैरवगड? मोरोशीचा, कोथळ्याचा, शिरपुंज्याचा आणि आपल्या कोयनेच्या बाजूचा, असे चार तर सहज मोजता येतात. आता सांगा, ग्रुपवर कुणीतरी ‘भैरवगडचा रूट’ म्हणून टाकलेली लिंक नेमकी कोणत्या भैरवगडाची, हे तुमच्यापैकी कितीजण बघतात?

परदेशात गाडीतच घर घेऊन फिरणारे लोक कॅम्पग्राउंडच्या जाडजूड डिरेक्टऱ्या सोबत ठेवायचे. त्यांच्यातही आता पुस्तक की अ‍ॅप हा वाद आहेच. आपल्याकडे कॅरॅव्हॅन अजून फारशा दिसत नाहीत, पण पाठीवर टेंट बांधून निघणारे भरपूर! आणि आपली छापील परंपराही तगडी आहे. प्र. के. घाणेकरांचं ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!’, आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’, हरीश कापडिया यांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’. गुगल मॅप नव्हता तेव्हा भटके ही पुस्तकं वाचूनच घराबाहेर पडायचे. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत यातलं एखादं नक्की सापडेल, बहुधा धूळ खात.

पुस्तक जुनं होतं, हे खरंच. एसटीच्या वेळा बदलतात, रस्ते होतात. पाटणजवळच्या दातेगडाचंच घ्या. पायथ्याच्या टोळेवाडीपर्यंत आता गाडी जाते, त्यामुळे ‘पाटणहून इतके तास चाल’ वगैरे हिशोब बाद. पण वर कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे तिथेच आहे. मोरगिरीचा गुणवंतगडही जागचा हललेला नाही. डोंगराची धार कुठून सुरू होते, पाणी कुठे मिळतं, हे पुस्तकात शांतपणे दोन पानं लिहिलेलं असतं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये ते मावत नाही.

सडावाघापूरचा उलटा धबधबा रीलवर कुणी पाहिला नाही? पाणी खाली पडण्याऐवजी वर उडतं. पण त्यासाठी पावसाळ्याचं पाणी आणि समोरून येणारा जोरदार वारा, दोन्ही लागतं. रील मात्र बाराही महिने फिरत राहतं. डिसेंबरात गेलात तर मोकळं पठार आणि पवनचक्क्या बघून या. (तेही वाईट नाही म्हणा!)

म्हणून ऑनलाइन सगळंच टाकाऊ आहे असंही नाही. रेंज गेली की जीपीएसही जातं, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा एवढंच. आणि नकाशा म्हणाल तर सर्व्हे ऑफ इंडियाचा टोपोशीट घ्या. १७६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून ऑनलाइन मोफत मिळू लागले. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर समोर कडा आहे, तिकडे ‘शॉर्टकट’ नको. हे वाचायला तासाभरात जमतं. प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातलात की पॉवर बँक संपायची भीतीही नाही.

खरी गडबड होते ती परवानगीची. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. जुन्या लिखाणात वासोट्यावरच्या मुक्कामाची रसभरीत वर्णनं वाचायला मिळतात. आज बामणोलीहून बोटीने जायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची आणि संध्याकाळच्या आत परतायचं, वर राहायचं नाही. जंगली जयगडही अभयारण्यातच येतो. पुस्तकाचं निदान एक बरं असतं, पहिली काही पानं उलटली की आवृत्तीचं साल सापडतं. २०१० च्या आधीचं असेल तर मुक्कामाचा भाग सोडून द्यायचा. ऑनलाइन माहितीवर पुष्कळदा तारीखच नसते, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याने जसंच्या तसं उचललेलं असतं. दहा ठिकाणी तेच वाचलं म्हणून ते दहा जणांनी तपासलेलं नसतं.

तेव्हा या वीकेंडला तिकडे जाणार असाल, तर टेंट भरायच्या आधी वनखात्याच्या ऑफिसला फोन करा. किल्ल्याचं नाव सांगताना गावाचं नावही सांगा. नुसतं ‘जयगड’ म्हणू नका.