जत्रेपासून थीम पार्कपर्यंत (लेखांक ६) : पाळणा भरायचा कसा?

गेल्या लेखांकात आपण शौचालयांपाशी थांबलो होतो. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात कोहिनूर पाहायला जग लोटले, आणि त्या गर्दीतल्या सव्वाआठ लाखांवर माणसांनी जॉर्ज जेनिंग्जने बसवलेली सार्वजनिक शौचालये एक-एक पेनी मोजून वापरली. तिथे मांडलेल्या बहुतेक यंत्रांची नावे आज कुणाला आठवत नाहीत. पैसे देऊन वापरायची शौचालये मात्र पुढे गावोगाव झाली. आजचा लेख तोच धागा पुढे नेतो. जागतिक प्रदर्शनांनी थीम पार्कला चमत्कार दिले असे सगळे म्हणतात. माझ्या मते चमत्कारापेक्षा मोठी देणगी म्हणजे गर्दी हलवण्याचा हिशेब.

हा हिशेब पाहायला अंबाजोगाईच्या बाहेर जायची गरज नाही. योगेश्वरी देवीच्या उत्सवात आकाशपाळणा लागला की वर बसलेल्यांकडे न पाहता खाली उभ्या असलेल्या पाळणेवाल्याकडे पाहा. तो पाळणे ओळीने भरत नाही. खालचा भरला की चाक अर्धे फिरवतो, बरोबर समोरचा भरतो, मग मधल्यांकडे वळतो. सगळे वजन एका बाजूला आले तर चाक झटके खाते आणि मोटारीवर ताण येतो. आता समजा बारा पाळणे आहेत आणि एकात चौघे बसतात. एक पाळणा रिकामा करून पुन्हा भरायला अर्धा मिनिट धरला, तर सगळे चाक भरायला सहा मिनिटे लागली. फिरवायचे चार मिनिटे. म्हणजे दहा मिनिटांत ४८ माणसे, तासाला २८८. रात्री नऊला देवळाकडून गर्दीचा लोंढा आला की पाळणेवाला काय करतो? फेऱ्या कमी करतो. वर बसलेली पोरे ओरडतात, ‘एवढ्यातच झालं?’ त्याच्याकडे दुसरा इलाज नसतो. भरण्याचा वेळ त्याच्या हातात नाही, फिरवण्याचा आहे.

१८९३ मध्ये शिकागोत जॉर्ज फेरिसपुढे हाच प्रश्न होता, फक्त आकडे राक्षसी होते. पॅरिसने १८८९ च्या प्रदर्शनात आयफेल मनोरा उभा केला होता आणि अमेरिकेला त्यावर मात करायची होती. पिट्सबर्गचा हा इंजिनिअर पुलांच्या पोलादाची तपासणी करणारा माणूस. त्याने २६४ फूट उंचीचे चाक मांडले; त्याला आगगाडीच्या डब्यांएवढे ३६ डबे, आणि एका डब्यात ६० माणसे. एका वेळी २,१६० जण! प्रदर्शन १ मे रोजी सुरू झाले आणि चाक २१ जूनला, म्हणजे सात आठवडे उशिरा. सरकारी कामांचा अनुभव असलेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको.

पण खरी हुशारी उंचीत नव्हती. फेरिसने खाली एकच फलाट ठेवला असता तर ३६ डबे एकेक करून भरण्यातच दुपार गेली असती. त्याने सहा फलाट केले, वेगवेगळ्या उंचीवर, चाकाच्या गोलाईला धरून. एका थांब्यात सहा डबे एकदम रिकामे होऊन भरत. पहिली फेरी सहा थांब्यांची, दुसरी अखंड. सगळे मिळून वीस मिनिटे. कागदावर हे तासाला सहा हजारांच्या वर जाते. तिकीट ५० सेंट, म्हणजे अख्ख्या प्रदर्शनाच्या प्रवेशाएवढेच, तरी सुमारे १४ लाख लोक त्यात बसले. चाकाचा आस किती टनांचा होता हे जिथे तिथे छापलेले असते. फलाटांबद्दल क्वचितच कुणी लिहिते. पुढच्या सव्वाशे वर्षांत पार्क बांधणाऱ्यांनी उचलले मात्र फलाटच.

त्या चाकाचे पुढे बरे झाले नाही. फेरिस १८९६ मध्ये विषमज्वराने गेला. चाक १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात पुन्हा उभे राहिले आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडले गेले. एवढे अजस्र धूड गावोगाव नेणे शक्यच नव्हते. ते काम विल्यम सलिव्हन या पूल बांधणाऱ्याने केले. शिकागोच्या चाकात बसून आलेला हा माणूस घरी गेला आणि १९०० मध्ये त्याने ४५ फुटांचे, सुटे करून गाडीवर घालता येईल असे चाक काढले. आपल्या जत्रेत ट्रकमधून लोखंडी पट्ट्या उतरतात, बोल्ट कसले जातात, जनरेटर धडधडू लागतो, ती चाके याच जातीची. हाताने ढकलायचा चार पाळण्यांचा लाकडी रहाट आपल्याकडे आणि तुर्कस्तानात त्याच्या कितीतरी आधीपासून होता. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६१५ मध्ये इस्तंबूलला असल्या चाकात बसल्याचे लिहून गेला आहे. तेव्हा चाक अमेरिकेने शोधले असे कुणी सांगितले तर हसून सोडून द्यावे.

इथे जत्रा आणि पार्क यांच्यातला एक फरक नोंदवतो, कारण पुढच्या लेखांकांत तो पुन्हा पुन्हा येणार आहे. जत्रेच्या पाळण्याला गाव लागते. वर गेलो की देवळाचे शिखर, पलीकडे बालाघाटाचे डोंगर, आपल्या गल्लीचा दिवा शोधायचा. निम्मी गंमत त्यातच. शिकागोच्या चाकातूनही लोक मिशिगन सरोवर आणि शहरच पाहत होते. थीम पार्क नेमके उलटे करते. वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात पार्क उघडले तेव्हा भोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे आतल्या माणसाला बाहेरचा रस्ता दिसायला नको. मुंबईच्या गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड झाले तिथे हे काम खाडीने केले. बोटीतून उतरेपर्यंत शहर मागे पडलेले असे.

डिस्नेचे वडील एलायस १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात सुतारकाम करत होते. यावरून बरेच भावुक लिहिले गेले आहे, मला त्यात फारसे काही दिसत नाही. मुलाने प्रदर्शनातून जे घेतले ते वडिलांच्या आठवणीतून नव्हे, १९६४-६५ च्या न्यू यॉर्क प्रदर्शनातल्या रोखठोक कंत्राटांतून. तिथे त्याने दुसऱ्यांच्या पैशाने चार खेळ उभारले. त्यातल्या दोहोंकडे पाहू.

जनरल इलेक्ट्रिकसाठी केलेल्या नाट्यगृहात रंगमंच मध्ये स्थिर होते आणि प्रेक्षक खुर्च्यांसकट त्यांच्याभोवती फिरत. सहा भाग, प्रत्येकात २४० माणसे. एक भाग रिकामा होत असतानाच दुसरा भरत असे आणि उरलेले खेळ पाहत. म्हणजे भरण्याचा वेळ वाया जाईना, तो खेळाच्या पोटातच गेला. आपल्या पाळणेवाल्याकडे जो इलाज नव्हता तो इथे सापडला. दुसरा खेळ बाहुल्यांचा, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’. त्यात माणसे पाण्याच्या प्रवाहावर होड्यांतून जात. होडी थांबत नाही, तिच्यामागे दुसरी, तिसरी. ही होडी इतकी चालली की कॅलिफोर्नियात त्या सुमारास आखला जात असलेला समुद्री चाच्यांचा खेळ, जो पायी फिरून पाहायचा होता, तोही बदलून होड्यांचा केला गेला. १९६७ मध्ये तो उघडला. खेळाची गोष्ट आधी आणि वाहन मागाहून, असे आपल्याला वाटते. पण इथे वाहनाने गोष्ट ठरवली. पायी चालणारा कुठेही रेंगाळू शकतो. होडीतल्या माणसाला कुठले दृश्य किती सेकंद दाखवायचे हे रचणाऱ्याच्या हातात येते.

महाराष्ट्रात या वंशाची पोरे आता आहेत. २०१३ मध्ये खोपोलीजवळ उघडलेल्या इमॅजिकात राजासोरस या भारतीय डायनोसॉरच्या नावाने होडीचा खेळ आहे. १९६४ ला फोर्डच्या दालनातही डिस्नेचे डायनोसॉर होते. इमॅजिकाच्या कितीतरी आधी, १९८४ मध्ये, दिल्लीचे अप्पू घर झाले, तेही प्रगती मैदानावर, म्हणजे अक्षरशः प्रदर्शनाच्याच जागेत. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर ते केले, आणि रंगीत दिव्यांची कारंजी ही पॅरिस-शिकागोच्या प्रदर्शनांची थेट देणगी. मराठवाड्यातल्या एका पिढीची शाळेची सहल तिथे गेली. पुढे त्याची रया गेली. कारंजे बसवायला निधी लागतो, चालू ठेवायला माणसे लागतात, आणि आपल्याकडे उद्घाटनाच्या फीत-कात्रीनंतर दुसऱ्याचा विचार फार कमी होतो.

पण खरे शिकण्यासारखे आहे ते शिर्डीत. तिथे दोन गोष्टी शेजारी नांदतात. एक साईतीर्थ, संगमनेरच्या मालपाणी समूहाचे भक्तीचे थीम पार्क. त्यात द्वारकामाईच्या देखाव्यात यंत्राचे साईबाबा बोलतात. ज्या तंत्राने १९६४ मध्ये इलिनॉय राज्याच्या दालनात लिंकनचा पुतळा खुर्चीवरून उठून भाषण करू लागला, त्याच तंत्राचा हा नातू. लिंकन पाहून तेव्हाचे लोक दचकले होते; शिर्डीत लोक हात जोडतात. यंत्रापुढे हात जोडावेत का यावर वाद घालता येईल, मी घालणार नाही. जत्रेतल्या सोंगापुढेही आपण हात जोडतोच.

दुसरी गोष्ट मंदिराची नवी दर्शनरांग, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली. दहा हजारांवर भाविक बसू शकतील अशी प्रतीक्षा दालने. तिरुपतीला वैकुंठम संकुलात हे आधीपासून आहे: माणसे उभी न ठेवता कप्प्याकप्प्यांत बसवायची आणि एकेक कप्पा सोडायचा. जनरल इलेक्ट्रिकच्या फिरत्या नाट्यगृहाचे तर्कशास्त्र हेच होते. आपल्याकडे रांगेवर सर्वांत जास्त डोके कुठल्याही पार्कने नव्हे, देवस्थानांनी चालवले आहे. तरी पर्यटनाचे आराखडे तयार होतात तेव्हा पहिल्या पानावर पुतळा असतो, सावली आणि पाणी शेवटच्या पानावर.

प्रदर्शनांची एक काळी बाजू इथे टाळता येणार नाही. शिकागोत आणि त्याहून जास्त सेंट लुईसला दूरदेशची माणसे त्यांच्या झोपड्यांसकट मांडली गेली. १९०४ मध्ये फिलिपिन्सच्या लोकांची वस्तीच तिकीट लावून दाखवली. लंडनमध्ये १८८५-८६ च्या थंडीत ‘भारतीय खेडे’ म्हणून आणलेल्या आपल्या कारागिरांचे हाल झाले. कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिमेंटच्या मूर्तींतून उभे केलेले ग्रामजीवन पाहताना मला हे आठवते. तिथेही खेडे मांडले आहे: न्हावी, कुंभार, मोटेवरचा शेतकरी. पण मांडणारे घरचे आणि पाहणारेही घरचे. पाहणारी आजी नातवाला सांगते, हे आमचं उखळ होतं. हा फरक लहान नाही. मात्र त्या खेड्यात सगळे आनंदाने आपापली कामे करताना दिसतात, उन्हातान्हात सावकाराच्या दारात बसलेले कुणी नाही. प्रदर्शनाची ही खोड बांधणारा बदलला तरी जात नाही.

आता आपल्या अंबाजोगाईच्या हत्तीखान्याकडे वळतो. कोरलेल्या दगडी हत्तींच्या त्या लेण्याची गोष्ट इथे पोराटोरांना पाठ आहे. परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला देवी निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले, आणि हे त्या वऱ्हाडाचे जानवसघर. इमॅजिकाच्या रचनाकाराला अशी गोष्ट आयती मिळाली असती तर त्याने अंधाऱ्या बोगद्यातून गाडी नेली असती, सनई थांबताच दिवे घालवले असते आणि हत्ती जागच्या जागी गोठवले असते. संरक्षित लेण्यात यातले काहीही करू नये हे उघड आहे. पण आज पाहुणा आला तर तो आधी हत्ती पाहतो, गोष्ट नंतर कुणी सांगितली तर कळते. ती आधी कळावी, हत्ती मग दिसावेत, एवढा क्रम लावायला ना मोटार लागते ना बोगदा. देवळातून लेण्याकडे जाणाऱ्या वाटेवर चार ठिकाणी थांबून सांगणारा एक जाणता माणूस पुरेल.

पुढच्या आठवड्यात मौत का कुआँ. अमेरिकेतल्या मोटारसायकल शर्यतींच्या लाकडी धावपट्ट्या उभ्या होत होत विहिरीच्या आकाराच्या कशा झाल्या, आणि तिकडे जवळपास संपलेला हा खेळ आपल्या जत्रांत का टिकला, ते पाहू.